मोठ्या मुलांचं वाचन आणि लांबलचक शब्द

नमस्कार श्रोतेहो. सातवी-आठवीतलं मूल इतिहासाचा धडा वाचताना 'स्वातंत्र्यसैनिकांसाठी' या शब्दापाशी येतं आणि अडतं. पहिलं अक्षर बघून 'स्वागत' असं काहीतरी म्हणतं, नाहीतर शब्दच गाळून पुढे सरकतं. आपण ओरडतो, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष असतं हो! एवढा मोठा शब्द फोडायचा कसा, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०१८ साली ग्रामीण भारतातल्या आठवीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नव्हता. अशा मुलांच्या हाती आपण पुन्हा पहिलीचं पुस्तक देतो. मला हे मुळीच पटत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांदेखत 'कमळ, बदक' वाचायला लावलं, की ते तोंडच मिटून घेतं. शब्द त्याच्या इयत्तेचेच घ्यावेत.

आणि मराठी शब्द शेवटाकडून सोडवावा. 'साठी' बोटाने झाका. ने, ला, च्या, कडून, मध्ये, साठी हे शेवटचे तुकडे तसे मोजकेच, आणि मुलाच्या रोजच्या बोलण्यातले. उरलं 'स्वातंत्र्यसैनिकां'. टोकाचा अनुस्वार सांगतो, सैनिक अनेक आहेत. 'सैनिक' ओळखीचा निघाला, की त्याच्याआधी पेन्सिलीने उभी रेघ. ही रेघ मुलानेच मारायची, आपण नाही. आता अडचण उरली एकट्या 'त्र्य'ची. 'मंत्र' वाचता येतो ना? मग त्यातल्या 'त्र'ला 'य' जोड. स्वा, तं, त्र्य. मग सगळा शब्द एका दमात, आणि लगेच पूर्ण वाक्य. शब्द चुकला असेल तर वाक्य बसत नाही, आणि ते मुलाचं मुलालाच कळतं.

रफाराकडे वेगळं बघावं लागतं. 'पर्यावरण' लिहिताना तो 'या'च्या डोक्यावर, उच्चार मात्र 'या'च्या आधी: पर्-या-व-रण. कितीतरी मुलं तो गाळून 'पयावरण' वाचतात आणि पुढचा सगळा परिच्छेद त्यांच्या हातून निसटतो.

घरी मूल अडलं, तर आई-बाबांनी घाईने शब्द सांगून टाकू नये. "यातला कुठला तुकडा ओळखीचा वाटतो?" एवढंच विचारावं आणि थांबावं. शिक्षकमित्रांनो, उद्या जो धडा घ्यायचा आहे त्यातले असे चार-पाच शब्द आधी फळ्यावर फोडून घ्या. मग त्याच मुलाला तो परिच्छेद वर्गासमोर वाचू द्या. नमस्कार.