मराठीच्या वाटेने स्पॅनिश

(दृश्य: वर्गातला फळा, त्यावर दोन वाक्यं.)

‘मे गुस्ता एल मांगो.’ ‘मे गुस्तान लोस मांगोस.’ पहिल्या वाक्यात एक आंबा, दुसऱ्यात अनेक. इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारी पुस्तकं इथे पानभर खुलासा करतात. मराठी मुलांना त्याची गरज नाही. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या वचनाप्रमाणे चालतं, खाणाऱ्याच्या नाही. तरी पहिल्या सत्राच्या वह्यांत ‘यो गुस्तो’ ही इंग्रजी ‘आय लाइक’ची चुकीची नक्कल हमखास सापडते, कारण वाक्य आधी मनात इंग्रजीत होतं आणि मग स्पॅनिशमध्ये उतरतं.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, दिल्लीच्या जेएनयूत, हैदराबादच्या इफ्लूत (इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठात) स्पॅनिश शिकवलं जातं. वर्गाची भाषा स्पॅनिश, अडलं की इंग्रजी. मराठी राहते वहीच्या समासात. तिथून तिला जरा पुढे आणलं, तर व्याकरणातली निम्मी भीती जाते.

आता कर्म बघा. ‘बेओ ला कासा’, मी घर बघतो. ‘बेओ आ मारिया’, मी मारियाला बघतो. घराला प्रत्यय नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमधला हा ‘आ’ इंग्रजीवाल्यांना वर्षभर छळतो. आपल्याला तो ओळखीचा वाटायला हवा.

सब्जंक्टिव्हचंही, म्हणजे इच्छा-शंका सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचंही, तेच. ‘किएरो के बेंगास’, तू यावंस असं मला वाटतं. ‘ओहाला युएबा’, पाऊस पडावा. इच्छा आली की मराठीत ‘-आवं’ येतं आणि स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्ह. इथपर्यंत गाडी सुरळीत चालते आणि मग दोन ठिकाणी घसरते. पहिलं ठिकाण, शंका. ‘तो येईल असं वाटत नाही’ यात आपण सरळ भविष्यकाळ वापरतो, म्हणून मुलं ‘नो क्रेओ के बेंद्रा’ लिहितात. हवं असतं ‘नो क्रेओ के बेंगा’. दुसरं ठिकाण, पुढे घडायची गोष्ट. ‘तू आलास की फोन कर’ म्हणताना आपण चक्क भूतकाळ वापरतो. स्पॅनिशमध्ये तिथे ‘कुआंदो बेंगास’ लागतं. ही दोन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही ‘असणे’ची दोन क्रियापदं मात्र मराठीच्या भरवशावर सुटत नाहीत, कारण आपलं ‘आहे’ दोन्ही कामं करतं. कायमचं असेल तर ‘सेर’ आणि तात्पुरतं असेल तर ‘एस्तार’, हा क्लासमधला लाडका नियम आहे. तो ‘एस्ता मुएर्तो’पाशी कोसळतो. मेलेला माणूस कायमचाच मेलेला, तरी ‘एस्तार’. त्यापेक्षा असं धरावं: एखादी गोष्ट कोण किंवा काय आहे हे ‘सेर’ सांगतं, तिची काय अवस्था झाली आणि ती कुठे आहे हे ‘एस्तार’. यालाही एक फाटा आहे. सभागृह कुठे आहे, तर ‘एस्ता’. त्यातली मैफल कुठे आहे, तर ‘एस’, म्हणजे ‘सेर’चं रूप.

(दृश्य: वहीचं पान, स्पॅनिश शब्दांवर पेन्सिलीने लिहिलेले देवनागरी उच्चार.)

उच्चार देवनागरीत लिहून घेण्याची सवय अर्धी चांगली आहे. त, प, क अगदी जसेच्या तसे मिळतात. पण शब्दात जोर कुठे द्यायचा, हे देवनागरी दाखवत नाही. ‘आब्लो’मध्ये ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. कर्ता बदलला, काळही बदलला. नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर उपांत्य अक्षरावर, नाहीतर शेवटच्या. हा नियम मोडणाऱ्या शब्दावर तिरकी रेघ असते. ती रेघ वहीत उतरवलीच नाही, तर परीक्षेत ती आठवणार कशी?

दुसरी खोड ‘व’ची. स्पॅनिशमध्ये ‘बे’ (b) आणि ‘उबे’ (v) ही दोन अक्षरं एकाच ध्वनीची. वाइनला ‘व्हिनो’ नाही, ‘बीनो’ म्हणायचं. आपला ‘र’ ‘पेरो’ला, म्हणजे ‘पण’ला, नेमका बसतो. कुत्र्याच्या ‘पेर्रो’ला मात्र जीभ टाळूशी थरथरली पाहिजे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ही तसाच थरथरता.

स्पेन सरकारच्या सेर्वांतेस संस्थेच्या डेले या स्पॅनिश प्रावीण्य परीक्षेत बी-दोन या मध्यमाच्या वरच्या पातळीला वाचन ७० मिनिटं, श्रवण ४०, लेखन ८० आणि तोंडी २०, त्याआधी तयारीला आणखी २०. वाचन आणि लेखन मिळून ५० गुण, श्रवण आणि तोंडी मिळून ५०. दोन्ही गटांत किमान ३० हवेत. एकात ४५ आणि दुसऱ्यात २८ आले, तर निकाल ‘नो आप्तो’, म्हणजे नापास. घरी बसून पुस्तकावर तयारी करणारे बहुधा श्रवण-तोंडीच्या गटात अडकतात. माद्रिदचं स्पॅनिश बोला किंवा मेक्सिकोचं, दोन्ही चालतं. मात्र एकाच उत्तरात स्पेनचं ‘बोसोत्रोस’ (तुम्ही) आणि अर्जेंटिनाचं ‘बोस’ (तू) नको.

(दृश्य: कवितेचा छापील मजकूर, अक्षरांखाली आकडे.)

पदवीच्या वर्गात कवितेचं विश्लेषण येतं आणि मुलं वृत्ताला घाबरतात. लघु-गुरू विसरा, इथे अक्षरं मोजायची, अभंगासारखी. स्पॅनिश कवी होर्खे मानरीके १४७९ मध्ये वारला. वडिलांच्या मृत्यूवरच्या त्याच्या कवितेतल्या या तीन ओळी: ‘नुएस्त्रास बीदास सोन लोस रीओस, के बान आ दार एन ला मार, के एस एल मोरीर.’ आपली आयुष्यं म्हणजे समुद्राला मिळणाऱ्या नद्या, आणि तो समुद्र म्हणजे मरण.

पहिल्या ओळीत ‘नुएस’ हे एकच अक्षर. ‘नु-ए’ असं फोडलं की नऊ भरतात, हवीत आठ. ‘री-ओस’ मात्र दोन, कारण तिथे तिरकी रेघ आहे. दुसरी ओळ मोजून सातच भरते, पण शेवटच्या अक्षरावर जोर असला की एक वाढवायचं, म्हणजे आठ. मोठ्या अभंगाचा चौथा चरण जसा सहाऐवजी चारावर थांबतो, तशी इथली तिसरी ओळही चारांची. त्यात ‘के’ आणि ‘एस’ एका श्वासात जोडले जातात, तेव्हा अक्षरं चार आणि शेवटच्या जोराचं एक, अशी पाच होतात. ही चूक नव्हे. आधीची ओळ जोराच्या अक्षरावर संपली आहे, म्हणून जादा अक्षर तिच्यात जिरतं. उत्तरपत्रिकेत ओळीसमोर नुसतं ‘४’ लिहू नये. ‘४ + १’ लिहून शेजारी कारण द्यावं.