किनगावची वेलांटी : गेम इंजिन निवडताना

(जळगाव येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, गेम करायला कोणते इंजिन, म्हणजे गेम बांधायचे तयार सॉफ्टवेअर, घ्यावे असे कोणी विचारले की मी आधी दोनच गोष्टी विचारतो : तुमच्याजवळ संगणक कोणता आहे, आणि तुमच्या गेममधली माणसे कोणत्या भाषेत बोलणार आहेत? चित्रे किती झगमगीत दिसतील हा प्रश्न नंतरचा. यावल-रावेरहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाजवळ बहुधा थोरल्या भावाचा जुना, 4 जीबी रॅमचा लॅपटॉप असतो, आणि त्यावर इंजिन उघडलेच नाही तर पुढची सगळी चर्चा फोल आहे.

तरीही बोलायला सुरुवात परवान्यापासून केली पाहिजे, कारण ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच फसतो. युनिटी हे इंजिन लहान निर्मात्यांना फुकट मिळते. पण 12 सप्टेंबर 2023 रोजी त्या कंपनीने जाहीर केले की ठरावीक उत्पन्न आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडलेल्या गेमवर यापुढे इन्स्टॉलमागे शुल्क लागेल. जगभर विरोध झाला, त्याच महिन्यात अटी सौम्य झाल्या आणि सप्टेंबर 2024 मध्ये ते शुल्क रद्दही झाले. पण ज्यांचे गेम निम्मे बांधून झाले होते, त्यांच्या हाती त्या काळात वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नव्हते. अनरियल या दुसऱ्या इंजिनाचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या आज्ञांनी घडले त्यांचा मूळ मजकूर, वाचायला मिळतो, परंतु गेमची कमाई 10 लाख डॉलरपुढे गेली की वरच्या रकमेवर सर्वसाधारणपणे 5 टक्के हिस्सा द्यावा लागतो. कोड दिसतो एवढ्यावरून इंजिन मुक्तस्रोत ठरत नाही; तो वापरायची, बदलायची आणि वाटायची मोकळीकही हवी.

गोडो हे इंजिन अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी घडवले आणि 2014 मध्ये एमआयटी या मुक्तस्रोत परवान्याखाली खुले केले. परवान्याची अट एवढीच, की त्याचा मजकूर आणि हक्कसूचना गेमसोबत राहू द्यायची. उद्या पुढची आवृत्ती निराळ्या अटींवर आली, तरी आज उतरवून घेतलेली प्रत आजच्याच अटींवर तुमच्याजवळ राहते. उतरवायची फाइल शंभर एमबीच्या आतबाहेर असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही, आणि जुन्या ग्राफिक्ससाठी ‘कंपॅटिबिलिटी’ नावाची हलकी चित्रणपद्धत त्यात आहे. संगणकच नसेल, तर अँड्रॉइड फोनवर चालणारा गोडोचा संपादक, म्हणजे गेम बांधायचा ॲपही मिळतो. लहान पडद्यावर हात आखडतो खरा, पण शिकायला सुरुवात होते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘किनगाव’ असे टंकले, की पहिली वेलांटी क मागे टाकून न वर जाऊन बसे आणि डोळ्याला ‘कनिगाव’ दिसे. ‘मुक्ताईनगर’मधला क्त जुळतच नसे, क चा पाय मोडून त पुढे सुटा उभा राही. कारण त्या आवृत्तीला अक्षरे ओळीने मांडता येत होती, जोडता येत नव्हती. मार्च 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ हे अक्षरजोडणीचे मुक्तस्रोत साधन आले आणि वेलांटी जागेवर बसली. आपली अहिराणी देवनागरीतच लिहिली जाते. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीवर गेम करायचा आणि त्यातल्या आजीचे बोलणे पडद्यावर मोडके उमटवायचे, हे मला तरी सोसवणार नाही.

गोडो सगळ्याला पुरते, असे मी म्हणणार नाही. प्लेस्टेशन किंवा स्विच या गेम खेळायच्या खास यंत्रांसाठी लागणारा कोड त्या कंपन्यांच्या गोपनीयतेच्या करारांत बांधलेला असल्यामुळे तो खुल्या इंजिनात ठेवता येत नाही. तिथे जायचे तर वेगळी व्यवस्था करावी लागते. अतिशय भारी त्रिमितीय दृश्यांत अनरियल आजही पुढे आहे. मात्र तुमच्यापैकी बहुतेकांचा पहिला गेम द्विमितीय असेल आणि तो फोनवरच खेळला जाईल.

म्हणून आज घरी गेल्यावर एक करा. मुक्ता किंवा नोटो यांपैकी एखादा मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट प्रकल्पात घाला, एका लेबलमध्ये, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकात, आपल्या गावाचे नाव लिहा, गेम फोनवर चढवा आणि ते नाव घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्या.