स्वप्नातला धूर

विषय दिलाय ‘पडद्यावरचं स्वप्न आणि सुप्त मन’. सुप्त मनाकडे येतोच, आधी त्या धुराचा बंदोबस्त करू. नायकाचा डोळा लागायचा अवकाश, जमिनीवरून ड्राय आइसचा धूर सरपटत येतो, चित्राच्या कडा पुसट होतात. मला सांगा, इथे कुणाला झोपेत धूर दिसलाय? हात वर करा. मागचे गृहस्थ, तुमचा हात जांभईसाठी वर गेलाय, तो धरत नाही.

झोपेत सगळं लख्ख असतं, खरंच वाटतं. पुसट होतं ते जाग आल्यावर. म्हणजे ही सिनेमावाली मंडळी स्वप्न दाखवतच नाहीत, स्वप्नाची आठवण दाखवतात! (‘आवारा’तले ढग माफ. तिथे स्वर्ग-नरकच उभे करायचे होते.) दिग्दर्शक हिचकॉकचीही हीच तक्रार होती. 1945च्या ‘स्पेलबाउंड’साठी त्याने स्वप्नासारखी चित्रं काढणाऱ्या साल्वादोर दालीला बोलावलं ते रेखीव, लांबलचक सावल्यांसाठी. निर्मात्याला वाटलं, प्रसिद्धीसाठी!

पण माझा लाडका मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन. 1924चा ‘शेरलॉक ज्युनिअर’. प्रोजेक्टर चालवणारा पोरगा डुलकी घेतो आणि त्याच्यातून दुसरा पारदर्शक कीटन उठतो. पहिला झोपलेलाच. दुसरा आपली टोपी घेऊन थेट पडद्यात शिरतो. बागेतल्या बाकावर बसायला जातो, तोवर बाग गायब, साहेब भर रहदारीत आपटलेले. चालू लागतो तर समोर कडा. वाकून बघतो तर सिंह. पुढे समुद्रातल्या खडकावर उभा आहे, पाण्यात सूर मारतो, आणि डोकं रुततं बर्फात! चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. प्रत्येक जागी कॅमेऱ्यापासूनचं अंतर काटेकोर मोजून त्याला उभं केलं होतं, म्हणून माणूस तसूभर सरकत नाही, फक्त जग बदलतं. धूर कुठाय? नाही. नुसती कात्री. स्वप्न संकलनाच्या टेबलावर तयार होतं, हे माझं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, सुप्त मन पाच मिनिटांत.

कात्रीने स्वप्नाची चाल मिळते, आतला माणूस मिळत नाही. तो मिळतो वस्तूंमधून. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मध्ये म्हाताऱ्या डॉक्टरला काटे नसलेलं घड्याळ दिसतं. खिशातलं काढतो, त्यालाही काटे नाहीत. मग शवपेटीत तो स्वतःच. मृत्यूची भीती त्याने कबूल करायची गरजच उरत नाही.

आणि सत्यजित राय यांचा ‘नायक’, 1966. नटावर नोटांचा पाऊस पडतोय, तो खुशीत आहे. त्याच ढिगाऱ्यातून सांगाड्याचे हात वर येतात, हातात टेलिफोन. नट बुडू लागतो आणि हाक कुणाला मारतो? शंकरदांना, नाटकातल्या गुरूंना, ज्यांना त्याचं सिनेमात जाणं पसंत नव्हतं. जागेपणी या नटाकडे सिनेमात जाण्याची चोख कारणं आहेत. झोपेत एकही कामाला येत नाही. ध्वनीचा मुद्दा राहिला, तो चहाच्या वेळी गाठून विचारा.