काळ्या पडलेल्या जरीवर लेझर

कापडावर हा जो काळपट पट्टा दिसतोय ना, तो काळ्या दोऱ्याचा नाहीये, ती जरीची तार आहे, आणि विणली तेव्हा ती सोन्यासारखी झळकत होती.

मायक्रोस्कोपखाली बघू. आत रेशमाचा पीळ, त्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी पट्टी, केसाहून पातळ, आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा, तोही बऱ्याचदा एक मायक्रॉनपेक्षा कमी. हवेतलं गंधक मुलाम्यातल्या भेगांमधून चांदीपर्यंत पोचतं आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळं. कधीकधी तर हे गंधक शेजारच्या लोकरीतूनच सुटतं. चांदीत तांबं असेल तर हिरवे डागही येतात.

भांडं असतं तर घासलं असतं. इथे घासलं की मुलामा गेलाच, आणि केमिकल लावलं तर ते आतल्या रेशमात मुरतं, नीट धुवून निघत नाही, आणि जुनं रेशीम आधीच इतकं ठिसूळ की जास्त धुताही येत नाही.

म्हणून लेझर. १९७२ साली व्हेनिसमध्ये जॉन अॅस्मस हे भौतिकशास्त्रज्ञ पुतळ्यांचे होलोग्राम, म्हणजे लेझरने घेतलेली त्रिमितीय चित्रं, काढायला गेले होते, तिथे दगडावरची काळी पुटं लेझरने उडवता येतात हे त्यांनी दाखवलं. काळा थर प्रकाश शोषतो, तापतो, उडून जातो, आणि खालचा पांढरा दगड प्रकाश परत फेकतो म्हणून वाचतो.

जरीवर मात्र हे एवढं सरळ नाही. सल्फाइड म्हणजे वर बसलेली धूळ नव्हे, चांदीच बदलून झालेला थर आहे तो. लेझरचा एकेक झोत, म्हणजे पल्स, काही नॅनोसेकंदांचाच (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), पण ताकद जरा जास्त झाली की पट्टीचा पृष्ठभाग वितळतो. शिवाय कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश वापरायचा: इन्फ्रारेड १०६४ नॅनोमीटर, हिरवा ५३२, की अल्ट्राव्हायोलेट? चांदी साधारण ३२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जवळजवळ परत फेकतच नाही, म्हणजे तिथे स्वच्छ चांदीसुद्धा तापणार, आणि अल्ट्राव्हायोलेटने रेशीम पिवळं पडतं ते वेगळंच.

माझं मन त्या रेशमातच अडकतं. पट्टीच्या दोन वेढ्यांमधल्या फटीतून ते किंचित दिसतं, आणि तेच तुटलं तर सगळी पट्टी सुटून लोंबायला लागते. त्यामुळे आधी सुट्या पडलेल्या धाग्यावर चाचणी, कमीत कमी ताकद, थोडे पल्स आणि परत मायक्रोस्कोप. इथे बघा, डावीकडे अजून तपकिरी झाक आहे. ती घालवता आली असती कदाचित, पण फटीत रेशीम उघडं दिसलं म्हणून तिथेच हात थांबवलाय.