चार्जिंगच्या बल्बचं खरं आयुष्य

मंडळी, चार्जिंगच्या बल्बच्या खोक्यावर बहुतेक वेळा २५,००० तास आयुष्य छापलेलं असतं. रोज पाच तास लावला तर तेरा वर्षांहून जास्त. हा आकडा खोटा नाही, पण तो फक्त आतल्या एलईडीचा आहे. एलईडी एकदम उडत नाही, मंदावत जातो. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की त्याचं आयुष्य संपलं असं धरतात. लाइट गेल्यावर तुम्हाला उजेड देतो तो मात्र लिथियम-आयन सेल, म्हणजे आतली छोटी चार्ज होणारी बॅटरी, आणि त्याचं वय खोक्यावर क्वचितच लिहितात. माझ्या मते ग्राहकाला सांगायला हवं ते नेमकं हेच.

असा बल्ब उघडला तर टोपीच्या, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या टोकाच्या बाजूला, सर्किटला खेटून, बोटाएवढा सेल दिसतो. २००० मिलिअँपिअर-तास, ३.७ व्होल्ट, म्हणजे साधारण साडेसात वॅट-तास वीज. म्हणूनच ९ वॅटचा बल्ब बॅटरीवर गेला की दोनेक वॅटवर उतरतो आणि जेमतेम तीन-साडेतीन तास पुरतो. असे सेल साधारणपणे ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज सोसतात. लाइट काही रोज जात नाही, मग सेल लवकर का बसतो?

तो वापराने कमी आणि उष्णतेने जास्त झिजतो. बल्बने घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज उष्णता होऊन जाते. बल्ब खाली तोंड करून लटकत असेल तर ती उष्णता वर चढून सेलपाशीच कोंडते. त्यात सेल कायम ४.२ व्होल्टच्या आसपास, काठोकाठ भरलेला. गरम आणि भरलेला, ही लिथियम सेलची सगळ्यात वाईट अवस्था. बटण चालू असेल तरच चार्जिंग होतं, म्हणजे बल्ब पेटलेला असतानाच. ही रचनाच मला खटकते.

म्हणून माझा आग्रह असा, की रोजच्या उजेडासाठी साधा एलईडी लावा आणि चार्जिंगचा बल्ब जिन्यात, स्वयंपाकघरात, जिथे अंधार अडचणीचा तिथे ठेवा. बंद काचेच्या गोळ्यात तो कधीही बसवू नका. उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरवरही नको. महिन्यातून एकदा काही तास चार्ज करा. काढून ठेवायचा असेल तर अर्धा भरलेला, थंड जागी. पूर्ण उतरलेला सेल महिनोन्महिने पडून राहिला तर तो पुन्हा उभा राहीलच असं नाही.

आणखी एक, बरेच जण विचारतात म्हणून सांगतो. सुटा बल्ब हातात धरून टोपीच्या दोन्ही टोकांना बोटं लावली की तो पेटतो. दोन टोकांमध्ये विजेची वाट जोडलेली आहे का, एवढंच तो पाहतो. लाइट गेली तरी बटण चालू असतं, घरातल्या इतर उपकरणांतून ती वाट पूर्ण होते आणि बल्ब लागतो. बटण बंद केलं की वाट तुटते, बल्ब विझतो. त्यामुळे लाइट गेलेली असताना घराबाहेर पडाल तर बटण बंद करून जा, नाहीतर सेल रिकाम्या घरात तळापर्यंत उतरेल.

बल्बचं कवच फुगलेलं दिसलं, गोडसर रासायनिक वास आला, तर तो ताबडतोब काढा. चार्ज करू नका, सेल टोचू किंवा दाबू नका. असा बल्ब कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, कारण दाबला गेलेला लिथियम सेल कचऱ्याच्या गाडीतही पेट घेऊ शकतो.