चाकापर्यंत पोचलेले घोडे

[दृश्य: नागपूर, हिंगण्याच्या बाजूची पत्र्याची शेड. मे महिना. जमिनीत बसवलेले डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, रोलर, त्यांवर मागची चाकं टेकवून उभी फोर्ड मस्टँग जीटी.]

नवतपा लागलाय. शेडमध्ये पारा ४३ वर आहे. गाडीच्या पट्ट्यांचं रॅचेट कटकट करत आवळलं जातंय आणि एकेका झटक्यासरशी मागचे टायर रोलरवर थोडे थोडे दबतायत. हे दबणंही हिशेबात धरावं लागतं. पट्टे जास्त आवळले किंवा टायरमध्ये हवा कमी असली, की टायर जास्त चेपतो, जास्त तापतो आणि तेवढी ताकद रोलरपर्यंत पोचतच नाही.

बोनेटसमोर मोठा पंखा सुरू होतो. गिअर चौथा, कारण त्याचं प्रमाण एकास एकच्या जवळ आहे. दोन हजार आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, गाडी स्थिर होते आणि मग अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला जातो.

[आवाज: इंजिन साडेसहा हजारांपर्यंत चढतं. निवेदन थांबतं.]

स्क्रीनवर आकडा येतो: ३१८.

गाडीमालक पुढे सरकतो. "काहून जी भाऊ? कंपनी तर ४०१ सांगते. ऐंशीच्या वर घोडे गेले कुठं?"

गाडीत बिघाड आहे का? नाही. पण हे त्याला पटवायचं तर एकेका घोड्याचा हिशेब द्यायला हवा.

ही गाडी २०१६ मध्ये भारतात आली, तेव्हा तिच्या पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ताकद ४०१ पीएस सांगितली गेली. पीएस हे ताकदीचं मेट्रिक एकक, ७३५.५ वॅटचं. डायनोच्या स्क्रीनवर असते ती हॉर्सपॉवर, सुमारे ७४६ वॅटची. म्हणजे ४०१ पीएस हे मुळात ३९५ हॉर्सपॉवरच. सहा घोडे कुठंही गेले नाहीत, फक्त माप बदललं.

आता हवा. हे इंजिन टर्बोशिवायचं आहे, म्हणजे हवा दाबून भरणारा पंप नसलेलं, जेवढी हवा मिळेल तेवढ्यावरच चालणारं. ४३ अंशांची हवा पातळ असते. त्यात नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे, म्हणजे दाबही थोडा कमी. म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर मोजलेल्या आकड्याला एका गुणकानं गुणतं. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-१३४९ या मानकात २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब धरलेला आहे. नागपूरची मेमधली हवा त्या सूत्रात घातली, की गुणक १.०७ च्या आसपास येतो. ३१८ चे ३४० होतात. डिसेंबरच्या गारठ्यात, सकाळी तीच गाडी लावली, तर गुणक जवळपास एकवर येईल.

इथे डोळे उघडे ठेवायला हवेत. जुनं 'एसटीडी' मानक निवडलं, तर त्याच रनचा आकडा चारेक टक्क्यांनी आणखी फुगतो. गाडीला कुणी हातही लावलेला नसतो, फक्त मेनूमधला पर्याय बदललेला असतो. आणि गाडी टर्बोची असेल तर आणखी जपायला हवं. पातळ हवेची भरपाई टर्बो बऱ्याच अंशी स्वतःच करतो, वरून गुणक लावला की भरपाई दोनदा मोजली जाते. मग मे महिन्यातल्या एखाद्या टर्बो गाडीचा कागद पाहून गाडीवाल्यांचा सगळा ग्रुप थक्क होतो, ते उगाच.

उरले पंचावन्न. कंपनीचा आकडा इंजिनाच्या क्रँकवर, म्हणजे त्याच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, मोजलेला असतो, रोलरवरचा चाकावर. मधे गिअरबॉक्स, लांब शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दहा ते पंधरा टक्के ताकद या वाटेत उष्णता होऊन जाते असा ढोबळ अंदाज आहे. ३९५ पैकी ३४० चाकावर आले, म्हणजे चौदा टक्के. गाडी ठणठणीत आहे.

मात्र उलटा हिशेब करून 'क्रँक हॉर्सपॉवर' छापून देणाऱ्या कागदावर माझा विश्वास नाही. ते चौदा-पंधरा टक्के कुणी मोजलेले नसतात. चाकावरचा आकडा तेवढा मोजलेला असतो, त्यावरच बोलावं.

[दृश्य: स्क्रीनवरचा आलेख जवळून. दोन रेषा, एक ताकदीची, एक टॉर्कची.]

आता खरी वाचायची गोष्ट. आकडा हे या आलेखाचं फक्त एक टोक आहे. कंपनीच्या कागदावर या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,२५० आरपीएमला ५१५ न्यूटन-मीटर आहे. तिथे ताकद निघते साधारण ३१२ पीएस. ६,५०० ला टॉर्क ४३३ वर उतरलेला असतो, पण ताकद ४०१ वर पोचते, कारण ताकद म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा गुणाकार. शहरात, वर्धा रोडच्या सिग्नलवरून निघताना, तुमच्या पाठीला जाणवतो तो मधला टॉर्क. शेवटच्या पाचशे आरपीएममध्ये दहा घोडे मिळवून मधल्या टॉर्कमध्ये खड्डा पाडणारा ट्यून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली बदललेली सेटिंग, मी कधीही घेणार नाही.

खाली हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारी तिसरी रेषा असते. तीही मागून घ्या. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर ती साडेबारा-तेराच्या आसपास राहायला हवी. वरच्या आरपीएमला ती चौदाकडे चढत असेल, तर मिश्रण कोरडं पडतंय, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आकडा कितीही देखणा असो, तिथेच थांबायचं.

हे रस्त्यावर तपासू नये. चौथ्या गिअरमध्ये साडेसहा हजार म्हणजे ताशी दोनशेच्या पुढे. समृद्धीवरची मर्यादा १२० आहे आणि त्या रस्त्यावर इतरांची कुटुंबंही असतात. रोलरवर गाडी जागची हलत नाही.

[दृश्य: दुसऱ्या रनची तयारी. मालक मोबाइलवर नव्या एक्झॉस्टचा फोटो दाखवतो.]

"भाऊ, हा बसवला तर किती वाढतील?"

"आधी आजचे तीन रन घेऊ. मधे दर वेळी इंजिन तेवढंच थंड होऊ द्यायचं. मग एक्झॉस्ट बसव आणि याच रोलरवर ये. हाच गिअर, टायरमध्ये हीच हवा, हेच मानक. दुसऱ्या डायनोचा कागद मला नको दाखवू."

दुसऱ्याचा का नको? काही यंत्रं जड रोलर किती लवकर वेग घेतो यावरून ताकद काढतात, काही रोलरला ब्रेक लावून. दोन्ही प्रामाणिक असतात, तरी एकाच गाडीचे आकडे वेगळे येतात. पहिल्या प्रकारात तर नुसती जड अलॉय चाकं बसवली तरी आकडा खाली येतो, कारण रोलरसोबत तीही फिरवावी लागतात.

पंखा पुन्हा सुरू होतो. ऑपरेटर कागदाच्या कोपऱ्यात पेननं लिहितो: ४३ अंश, एसएई, चौथा गिअर, टायर ३२ पीएसआय. आणि त्याखाली, गुणक लावण्याआधीचा आकडा.