वादळाचं राहू दे, दोरीचं सांगतो

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, वादळ ऐकायला कोणी आलं असेल तर त्याची निराशा होणारे. कनारी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियापर्यंत आम्ही तिघं ३६ फुटी शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडून गेलो, २७०० सागरी मैल म्हणजे साधारण ५००० किलोमीटर, २२ दिवस लागले, आणि एवढ्या दिवसांत वादळ म्हणावं असं काही झालंच नाही. वेग म्हणाल तर ५ नॉट, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. सायकलवरून दूध घालणारा आमच्या पुढे गेला असता.

आणि हो, आपल्या नौदलाच्या दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही दक्षिण महासागरातून, त्यापुढे आमचं म्हणजे अंगणातली फेरी. दरवेळी कोणीतरी विचारतं म्हणून आधीच हात जोडून ठेवतो.

तर शाळेत भूगोलात व्यापारी वारे पाठ केले होते ना, उत्तर गोलार्धात ईशान्येकडून वाहतात वगैरे, ते खरंच वाहतात बरं का! पण लास पाल्मासहून सरळ पश्चिमेला गेलं तर ते नीट मिळत नाहीत, आधी खाली दक्षिणेला उतरायचं, लोणी वितळेपर्यंत, असं जुने खलाशी सांगायचे. आमच्याकडे लोणी नव्हतं, माझी खोबरेल तेलाची बाटली होती, लास पाल्मासला सकाळी पांढरी घट्ट असायची. पाचव्या दिवशी ती पातळ झालेली दिसली, मी कप्तानाला नेऊन दाखवली, साठीचा इंग्रज माणूस, त्यानं बाटलीकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं आणि बोट उजवीकडे वळवली (हवामानाचा अंदाज त्यानं आधीच बघितला होता, पण श्रेय बाटलीला). हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, सीझन जून ते नोव्हेंबर, म्हणून लोक नोव्हेंबरच्या शेवटी निघतात. कोलंबस कनारीतल्या गोमेरावरून ६ सप्टेंबर १४९२ ला निघाला, म्हणजे ऐन हरिकेनात. वाचला म्हणायचं.

आता दोरी. वारा मागून असला की एक शीड डावीकडे, एक उजवीकडे असं पसरतात, आणि पुढच्या शिडाचं टोक बाहेर धरून ठेवायला एक लांब पोल लावतात. शिडाची दोरी त्या पोलच्या टोकातून जाते. वारा मागून म्हणजे लाटाही मागून, त्यामुळे बोट सतत डुलते, दर चार-पाच सेकंदाला या अंगावरून त्या अंगावर, आणि प्रत्येक डुलण्याला ती दोरी पोलच्या तोंडाशी बोटभर सरकते आणि बोटभर परत येते. हिशोब करा, दिवसाला १७ ते २१ हजार वेळा, आणि तेही एकाच जागी. किनाऱ्यालगत वीकेंडला बोट चालवणाऱ्याला हे कधी कळतच नाही, कारण तो संध्याकाळी दोरी सोडवून घरी जातो.

नवव्या रात्री दोन वाजता, माझाच पहारा होता, फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि पुढचं शीड वेड्यासारखं फडफडायला लागलं. वारा नेहमीचाच, १८ नॉट, आकाशात चांदणं, काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं, फक्त दोरी संपली होती. तिघांनी कमरेचे पट्टे अडकवून अर्ध्या-पाऊण तासात शीड आवरलं. चूक माझी होती, कारण रोज सकाळी ती दोरी वीतभर ढिली करायची किंवा ओढून घ्यायची, म्हणजे घासायची जागा बदलते, हे काम माझ्याकडे होतं आणि आदल्या दोन दिवसांत मी ते केलं नव्हतं. का, तर कंटाळा.

तिथून पुढे सकाळचा चहा झाला की मी डेकवर फेरी मारायचो, देवळात प्रदक्षिणा घालतात तशी, प्रत्येक दोरीला हात लावत, जिथे घासतं तिथे जुन्या पाइपचा तुकडा किंवा चामडं बांधत. चौदाव्या दिवशी डेकवर एक छोटी वाकडी पिन सापडली, सुईएवढी. ती वरून कुठून तरी पडलेली, म्हणजे डोलकाठीवर काहीतरी सुटायच्या बेतात होतं. कप्तान त्या डुलत्या बोटीवर वर चढला आणि एका तारेच्या जोडातली पिन निघालेली सापडली, नवीन घातली. ती मला दिसली नसती तर? जाऊ दे.

बाकी खाण्याचं विचाराल तर बोटीवर प्रेशर कुकरसारखी दुसरी वस्तू नाही, झाकण लॉक होतं, लाटेनं कलंडला तरी खिचडी आतच. मिठाऐवजी थोडं समुद्राचं पाणी घालायचं. अंडी न धुतलेली, फ्रीजमध्ये कधीच न गेलेली घ्यायची आणि दर दोन दिवसांनी उलटी करायची, तीन आठवडे आरामात टिकतात. केळी मात्र घडच्या घड एकाच दिवशी पिकतात, तेव्हा शिकरण, केळ्याचे अप्पे, परत शिकरण. रात्री तीन तास पहारा, सहा तास झोप. जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला वीस मिनिटंही पुरतात, म्हणून दर दहा मिनिटांनी किचनचा टायमर लावून चारी दिशांना बघायचं. बहुतेक वेळा काहीच नसतं, तरी बघायचं.

सेंट लुशियाला पोचलो तेव्हा जमीन दिसायच्या आधी वास आला, ओल्या मातीचा. धक्क्याला लागल्यावर सगळे आंघोळीला पळाले, कप्तान मात्र आधी दोऱ्या उतरवायला बसला, खराब झालेले तुकडे कापून बाजूला टाकत होता. त्यातला एक मी मागून घेतला, नवव्या रात्रीच्या दोरीचा, हा बघा. पुढच्या रांगेपासून फिरवा, टोकाला बोट लावून बघा, कापसासारखं झालंय. आणि काका, शेवटी माझ्याकडे परत येऊ द्या हं.